हिवाळ्यात पंगत मांडणारा माणूस

स्वित्झर्लंडच्या आग्नेय कोपऱ्यातील सेंट मॉरिट्झ हे नाव घेतले की बर्फ, स्कीइंग आणि श्रीमंती या तीन गोष्टी डोळ्यांसमोर उभ्या राहतात. समुद्रसपाटीपासून सुमारे १८०० मीटर उंचीवर वसलेल्या या गावात दिवसभर बर्फावर घसरण्याला जितके महत्त्व, तितकेच संध्याकाळी कोणत्या उपाहारगृहात, कोणत्या टेबलावर बसायचे यालाही असते. १९९४ पासून तेथे ऐन जानेवारीत खास खाद्यमहोत्सव भरतो आणि जगभरातील नामवंत बल्लवाचार्य त्यासाठी डोंगर चढून येतात. बर्फात गोठलेल्या गावात जेवायला जाणे हीच चैनीची परमावधी मानली जावी, हे आज कुणाला नवलाचे वाटत नाही.

दीडशे वर्षांपूर्वी मात्र ही कल्पना हास्यास्पद ठरली असती. सप्टेंबर सरला की पाहुणे निघून जात, खिडक्यांची झडपे लावली जात आणि गावातील चुली केवळ घरच्यांसाठी पेटत. परक्याने त्या दिवसांत तेथे यावे असे काही त्या गावाकडे नव्हते आणि येणाऱ्याला वाढावे असे कोठारातही फारसे नसे. हा क्रम ज्याने मोडला, त्या हॉटेलमालकाचे नाव योहानेस बाड्रुट. आल्प्समधील हिवाळी पर्यटनाचा आद्य प्रवर्तक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्यांच्या भोवती जमलेल्या आख्यायिका बाजूला ठेवल्या तरी मागे उरणारी हकीकत कमी रंजक नाही. ती मुख्यतः भोजनगृहात घडते.

खोरे हलवायांचे

बाड्रुट यांचे कर्तृत्व समजून घ्यायचे तर आधी एंगाडीन हे खोरे समजून घ्यायला हवे. ग्राउब्युन्डेन प्रांतातील हे उंच, रुंद आणि उजळ उन्हाचे खोरे. येथील लोकांची मूळ बोली रोमान्श, लॅटिनची दूरची लेक. हवा कोरडी, उन्हाळा आखूड, जमीन गवताला बरी आणि धान्याला कंजूष. जवाचे पीक कसेबसे येई. बाकी भिस्त गुरांवर, दुधावर आणि सुकवलेल्या मांसावर. कुटुंब वाढले की जमीन पुरत नसे आणि धाकट्या मुलांना वाट धरावी लागे.

ही मुले कुठे जात? काही परक्या राजांच्या फौजेत जात, परंतु पुष्कळजण पेस्ट्री, केक आणि मिठाई बनवण्याचा धंदा शिकून युरोपभर पसरत. अठराव्या शतकात व्हेनिस शहरातील मिठाईच्या दुकानांत ग्राउब्युन्डेनच्या कारागिरांचा मोठा वाटा होता. १७६६ मध्ये व्हेनिसने त्यांचे परवाने काढून घेतले, तेव्हा ही माणसे त्रिएस्त, बर्लिन, वॉर्सा, सेंट पीटर्सबर्ग अशी दूरदूर विखुरली आणि तेथेही त्यांनी आपली दुकाने थाटली. बर्लिनमधील प्रसिद्ध योस्टी कॅफे उघडणारे बंधू एंगाडीनमधील सिल्स गावचे. १८३७ मध्ये द्वंद्वयुद्धाला निघालेला रशियन कवी पुश्किन ज्या कॅफेत अखेरचा थांबला, तोही ग्राउब्युन्डेनमधून आलेल्यांनीच चालवलेला.

म्हणजे ज्या खोऱ्यात हिवाळ्यात ताज्या भाजीची काडी मिळत नसे, त्याच खोऱ्यातील माणसे युरोपच्या मोठ्या शहरांना गोड खाऊ घालत होती. त्यांपैकी काहींनी पैसा मिळवला, गावी परतून नक्षीदार भिंतींची घरे बांधली. बहुतेकांचे तारुण्य मात्र परमुलखातील भट्टीसमोर गेले. एंगाडीनचे पाककौशल्य ही निर्यातीची वस्तू होती. खाणारा बाहेर, म्हणून करणाराही बाहेर, असा तो व्यवहार होता.

वडिलांचा वारसा

योहानेस बाड्रुट यांचा जन्म १८१९ चा. वडिलांचेही नाव योहानेसच. ते मूळचे शान्फिग खोऱ्यातील पागिग या गावचे. नशीब काढण्यासाठी ते एंगाडीनमध्ये आले आणि समेदान येथे त्यांनी अतिथिगृह चालवले. बेर्निना पर्वताचे दर्शन घडवणारे म्हणून त्याला त्या पर्वताचेच नाव मिळाले. डोंगर पाहण्यासाठी प्रवास करणारा पाहुणा ही त्या काळी नवी जमात होती. १८५० मध्ये योहान कोआत्स यांनी पित्स बेर्निना हे चार हजार मीटरहून उंच शिखर प्रथम सर केले आणि या भागाकडे गिर्यारोहकांचे लक्ष वळू लागले.

पाहुण्याला काय हवे असते, याचे धडे धाकट्या योहानेस यांनी या घरच्या धंद्यातच गिरवले. वडील १८५५ मध्ये वारले. त्याच वर्षी मुलाने समेदानपासून काही किलोमीटरवर असलेल्या सेंट मॉरिट्झ येथे फालर यांचे छोटे अतिथिगृह भाड्याने घेतले. तीन वर्षांनी, १८५८ मध्ये, ते विकत घेतले आणि पुढे त्याला एंगाडिनर कुल्म असे नाव दिले. कुल्म म्हणजे डोंगरमाथा. गावाच्या वरच्या अंगाला, खाली तळे आणि समोर डोंगर अशी ती जागा होती. पत्नी मारिया आणि वाढते कुटुंब यांच्यासह बाड्रुट यांनी तेथे बस्तान बसवले.

तेव्हाचे सेंट मॉरिट्झ म्हणजे दोनशेच्या आसपास वस्तीचे खेडे. त्याची प्रसिद्धी होती ती खालच्या सपाटीवरील खनिज पाण्याच्या झऱ्यामुळे. सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने या पाण्याचे गुण वर्णिले होते. १८५० च्या दशकात झऱ्यापाशी नवे स्नानगृह उभे राहिले आणि आंबट, बुडबुडे येणारे ते पाणी पिण्यासाठी, त्यात डुंबण्यासाठी उन्हाळ्यात पाहुण्यांची रीघ लागू लागली. पाणी खाली आणि बाड्रुट यांचे घर वर. पाण्यावर त्यांची मालकी नव्हती. पाहुणा टेकडी चढून वर यावा, यासाठी त्यांच्याकडे उबदार खोली, खिडकीतील देखावा आणि चांगले जेवण एवढेच भांडवल होते.

तीन महिन्यांचे गणित

डोंगरातील हॉटेलचा हिशेब मुळातच तोट्याच्या काठावर चालणारा होता. हंगाम जून ते सप्टेंबर, म्हणजे धड चार महिनेही नाहीत. इमारतीवरील कर्जाचे व्याज मात्र बारा महिन्यांचे. स्वयंपाकी, वाढपी, खोल्या झाडणाऱ्या बायका यांना हंगामापुरते आणावे लागे आणि सप्टेंबरात निरोप द्यावा लागे. पुढल्या वर्षी तीच माणसे परत येतील याची शाश्वती नसे. पाऊसपाण्याने एखादा उन्हाळा बुडाला तर वर्षच बुडाले. उरलेले आठ-नऊ महिने काचसामान कपाटात, गाद्या गुंडाळलेल्या आणि भोजनगृहात शुकशुकाट.

हिवाळ्यात पाहुणे आणता आले तर तीच इमारत, तीच भांडी आणि तेच नोकर दुप्पट काळ कामाला लागतील, हे साधे गणित होते. अडचण होती ती लोकांच्या मनातील भीतीची. शहरी युरोपच्या लेखी आल्प्समधील हिवाळा म्हणजे हिमलोट, उपासमार आणि मृत्यू. थंडी चुकवण्यासाठी धनिक मंडळी भूमध्य समुद्राच्या काठी जात. उलट दिशेने, थंडीच्या तोंडी कोण जाईल?

या ठिकाणी ती प्रसिद्ध पैज येते. १८६४ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस बाड्रुट यांच्याकडे उतरलेले चार इंग्रज पाहुणे परतीची तयारी करत होते, असे ही कथा सांगते. एंगाडीनचा हिवाळा लंडनपेक्षा सुखाचा असतो, उन्हात अंगरख्याशिवायही बसता येते, असे बाड्रुट यांनी त्यांना सांगितले. पाहुण्यांना ते पटेना. तेव्हा बाड्रुट यांनी बोली केली. हिवाळ्यात येऊन पाहा, नाही आवडले तर प्रवासाचा सगळा खर्च माझा. आवडले तर हवे तितके दिवस माझे पाहुणे म्हणून राहा. ते नाताळच्या सुमारास बर्फातून आले, इस्टरपर्यंत राहिले आणि उन्हाने रापलेले चेहरे घेऊन मायदेशी परतले.

सेंट मॉरिट्झमध्ये आजही ही गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. इतिहासाचे अभ्यासक तिच्या तपशिलांबाबत साशंक आहेत. पैज लागली असो वा नसो, १८६० च्या दशकाच्या मध्यावर ग्राउब्युन्डेनच्या उंच खोऱ्यांत हिवाळी पाहुणे येऊ लागले, ही वस्तुस्थिती आहे. शेजारच्या दावोसमध्ये १८६५ च्या फेब्रुवारीत दोन क्षयरोगी उपचारासाठी दाखल झाले आणि तेथून त्या गावाची ओळख आरोग्यधाम अशी झाली. प्रकृतीसाठी येणारे सेंट मॉरिट्झलाही होतेच. बाड्रुट यांचा रोख मात्र धडधाकट माणसाकडे होता. आजारी माणूस गरज म्हणून येतो. निरोगी माणसाला आणायचे तर त्याला कारण द्यावे लागते आणि दिवस मावळल्यावर त्याचे मन रमवावे लागते.

कोठारातील हिवाळा

पैजेची गोष्ट सांगताना एक बाजू सहसा राहून जाते. पाहुणे आले खरे, पण त्यांना वाढायचे काय? १८५८ मध्ये रेल्वे कूर या प्रांताच्या राजधानीपर्यंत पोचली होती. तेथून पुढे घोडागाडीने २२८४ मीटर उंचीची युलियर खिंड ओलांडावी लागे. हिवाळ्यात चाके निरुपयोगी ठरत आणि टपाल, माणसे, माल असे सारे काही घोड्यांच्या घसरगाड्यांवरून येई. वादळ झाले की खिंड बंद. चार दिवस वाट बंद राहिली तर चार दिवस कोठारात असेल त्यावर भागवावे लागे.

त्यामुळे हिवाळी पाहुणचार ही आधी बेगमीची परीक्षा होती. स्थानिकांना ती विद्या अवगत होती. गोमांसाला मीठ-मसाला लावून ते थंड, कोरड्या हवेत महिनोन्महिने सुकवायचे आणि कागदासारख्या पातळ चकत्या करून खायचे, ही ग्राउब्युन्डेनची पिढीजात रीत. जवाचे दाट सार, चीज, सुकवलेली फळे, तळ्यातील मासे हे त्या खोऱ्याचे अन्न. वाइन येई ती दक्षिणेकडील वाल्तेल्लिना खोऱ्यातून. १७९७ पर्यंत तो मुलूख ग्राउब्युन्डेनच्याच अमलाखाली होता. सत्ता गेली तरी वाइनची आवड गेली नाही. अक्रोडाची भरण असलेली जाड गोड पोळीवजा टार्ट आज एंगाडीनची खूण मानली जाते, पण अक्रोड तेथे पिकतच नाही. परदेशी गेलेल्या हलवायांच्या हाताची ती आठवण असल्याचे मानतात.

लंडनहून आलेल्या पाहुण्याला एखाद्या दिवशी जवाचे सार गमतीचे वाटेल, महिनाभर नव्हे. त्या काळच्या प्रतिष्ठित हॉटेलांत फ्रेंच धर्तीचे जेवण अपेक्षित असे. आधी सार, मग मासा, भाजलेले मांस, भाजी, गोड पदार्थ आणि शेवटी चीज व फळे असा क्रम. पदार्थांची यादीही फ्रेंचमध्येच लिहिली जाई. उंच डोंगरात, बर्फाने वेढलेल्या घरात हा क्रम रोज संध्याकाळी बिनचूक पार पाडणे, हेच मुळी पाहुण्याला दिलेले आश्वासन होते. पानात मासा आला म्हणजे खिंड उघडी आहे, जगाशी संबंध तुटलेला नाही, हे त्याला न सांगता कळे.

एका टेबलाचे जग

बाड्रुट यांच्या काळी आजच्या अर्थाने बाहेर जेवायला जाणे अशी गोष्ट या गावात नव्हती. खोलीच्या भाड्यात जेवण धरलेले असे. ठरल्या वेळी घंटा होई आणि सारे पाहुणे एकाच लांबलचक टेबलाभोवती बसत. आपल्याकडच्या पंगतीसारखाच तो प्रकार. जे शिजले ते सर्वांना, एकाच वेळी. निवड करण्याची सोय नाही, उशिरा येण्याची मुभा नाही आणि शेजारी कोण बसेल हेही आपल्या हाती नाही.

या पंगतीचे तोटे होते, तसा एक मोठा फायदाही होता. हिवाळ्यातील मोजके पाहुणे अनोळखी राहत नसत. लांब रात्री, बाहेर दाट बर्फ आणि आत शेकोटीची ऊब, अशा वातावरणात त्या टेबलावर ओळखी वाढत, दुसऱ्या दिवशीचे बेत ठरत, पुढल्या वर्षीचे वायदे होत. गोठलेल्या तळ्यावरील स्केटिंग, बर्फावरून दगड सरकवण्याचा कर्लिंग हा स्कॉटिश खेळ, उतारावरून घसरगाडी हाकणे असे एकेक खेळ पाहुण्यांनीच रुजवले. युरोप खंडात कर्लिंग खेळले गेले ते प्रथम सेंट मॉरिट्झमध्ये, १८८० च्या सुमारास. १८८४-८५ च्या हिवाळ्यात क्रेस्टा ही घसरगाड्यांची प्रसिद्ध बर्फवाट तयार झाली. तिच्यामागे कुल्ममधील इंग्रज पाहुण्यांचा उत्साह आणि बाड्रुट कुटुंबाचा पाठिंबा होता. १८८७ मध्ये या खेळाचा क्लबही स्थापन झाला.

हे खेळ आज जगाला ठाऊक आहेत. पण खेळ चालतो दिवसा, दोन-चार तास. डिसेंबरात डोंगराआड सूर्य लवकर जातो. त्यानंतरचा वेळ भरून काढण्याचे काम भोजनगृहाचे होते आणि नेमक्या याच जागी बाड्रुट यांनी आपली सर्वांत धाडसी गुंतवणूक केली.

टेबलावर पडलेला उजेड

१८७८ मध्ये पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरले. तेथे विजेच्या कमानदिव्यांचा झगमगाट पाहून लोक थक्क होत होते. बाड्रुट यांनीही तो पाहिला आणि ते यंत्र आपल्या डोंगरात आणायचे ठरवले. वाहत्या पाण्याची शक्ती एंगाडीनमध्ये फुकट होती. त्या पाण्यावर फिरणारे यंत्र बसवून त्यांनी कुल्म हॉटेलच्या भोजनगृहात विजेचे दिवे लावले. स्वित्झर्लंडमधील विजेचे हे पहिले दिवे मानले जातात. झुरिक, जिनीव्हा, बर्न या शहरांना मागे टाकून हा मान एका डोंगरी खेड्याला मिळाला. तोही सरकारी कचेरीला किंवा कारखान्याला नव्हे, तर जेवणाच्या दालनाला.

दिवे भोजनगृहातच का लावले, याचे उत्तर व्यवहारात आहे. हिवाळी पाहुण्याची जागेपणीची निम्मी वेळ अंधारात जाते. मेणबत्त्या आणि तेलाचे दिवे काळोख हटवत, पण धूर करत आणि डोळे शिणवत. प्रखर विजेच्या प्रकाशात शुभ्र टेबलवस्त्रे, काचेचे पेले, चांदीचे काटे-चमचे, स्त्रियांचे पोशाख आणि दागिने, सारेच उजळून निघाले. जेवण ही पाहण्याची आणि पाहिले जाण्याची गोष्ट झाली. हा खर्च एकट्या मालकाने, अननुभवी तंत्रावर, रेल्वेपासून खिंडीपलीकडे असलेल्या गावी केला होता. फसला असता तर घर बुडाले असते. तो फसला नाही. कुल्मचा विस्तार होत गेला आणि काही खोल्यांचे अतिथिगृह खोऱ्यातील अग्रगण्य हॉटेल बनले.

योहानेस बाड्रुट १८८९ मध्ये निवर्तले. तोवर हिवाळी हंगाम हा विनोदाचा विषय राहिला नव्हता. स्कीइंगचे वेड मात्र त्यांनी पाहिले नाही. ते आल्प्समध्ये रुजले त्यानंतरच्या दशकात. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांनी दावोसहून आरोसापर्यंत डोंगर ओलांडून स्कीवर मजल मारली, ती १८९४ मध्ये. ज्या खेळाच्या नावाने आज हे गाव ओळखले जाते, तो खेळ येण्याआधीच त्याच्या संध्याकाळची मांडामांड बाड्रुट करून गेले होते.

पंगत मोडली, टेबले मांडली

चिरंजीव कास्पर यांनी वडिलांचा वारसा वेगळ्या दिशेने नेला. १८९६ मध्ये त्यांनी तळ्याच्या वर, मनोऱ्याचे पॅलेस हॉटेल सुरू केले. याच सुमारास युरोपातील भोजनाची रीतही बदलत होती. सेझार रिट्झ हा स्वित्झर्लंडच्याच वाले प्रांतातील शेतकऱ्याचा मुलगा आणि त्याचा सहकारी बल्लवाचार्य ऑग्युस्त एस्कॉफिये यांनी लंडन व पॅरिसमध्ये छोट्या, स्वतंत्र टेबलांची आणि यादीतून पदार्थ निवडण्याची पद्धत रूढ केली. एकत्र पंगत हळूहळू मागे पडली. कोण कुणाबरोबर, कोणत्या कोपऱ्यात, किती वाजता जेवतो याला अर्थ आला आणि मोक्याच्या टेबलासाठी चढाओढ लागली.

१८९४ मध्ये गावात हान्सेलमान यांची मिठाई व केकची पेढी सुरू झाली. पूर्वी ज्या कारागिराला वॉर्सा वा बर्लिन गाठावे लागे, त्याला आता गावातच गिऱ्हाईक मिळू लागले. १९०४ मध्ये बोगदे आणि उंच पुलांवरून वळसे घेत येणारी आल्बुला रेल्वे सेंट मॉरिट्झला पोचली. ताजी भाजी, समुद्री मासे, फ्रान्सची वाइन बर्फातही वेळेवर येऊ लागली. कोठाराची चिंता संपली. १९२८ मध्ये येथे हिवाळी ऑलिंपिक झाले आणि त्याच वर्षी कॉर्विलियाच्या उतारावर दोरखंडाने ओढली जाणारी रेल्वे पोचली. पुढे डोंगरावर सुमारे अडीच हजार मीटर उंचीवरही ट्रफल आणि कॅव्हियार वाढणारी भोजनगृहे निघाली. १९३६ मध्ये पॅलेसच्या बाड्रुट घराण्याने १६५८ चे एक जुने शेतकरी घर उपाहारगृहात रूपांतरित केले. केसा वेल्या, म्हणजे जुने घर, हे त्याचे नाव. एकेकाळी गुरे आणि गवत सांभाळणाऱ्या भिंतींत राजेरजवाडे, उद्योगपती आणि चित्रपटतारे जेवू लागले. हॉटेलबाहेर पडून खास जेवायला जाण्याची या गावाची रीत अशी आकाराला आली.

हिशेबाची दुसरी बाजू

या भरभराटीचा हिशेब एकतर्फी नाही. पाहुण्यांवर विसंबलेले गाव पाहुणे थांबले की उघडे पडते, याचा अनुभव सेंट मॉरिट्झने १९१४ च्या महायुद्धात घेतला. मोठमोठी हॉटेले ओस पडली, कर्जे थकली. दोन महायुद्धांमधली मंदी आणि नंतरचे युद्ध यांतही तेच झाले. सावरायला गावाला १९४८ च्या दुसऱ्या ऑलिंपिकपर्यंत वाट पाहावी लागली.

दुसरी किंमत अधिक चिवट आहे. धनिकांनी सुटीपुरती घरे घेतल्यामुळे आल्प्समधील अनेक गावांत जागांचे भाव तेथे राबणाऱ्यांच्या आवाक्याबाहेर गेले आणि वर्षाचा मोठा काळ बंद राहणाऱ्या खिडक्या वाढल्या. २०१२ च्या मार्चमध्ये स्विस मतदारांनी निसटत्या बहुमताने अशा दुय्यम घरांवर गावातील एकूण घरांच्या २० टक्क्यांची मर्यादा घातली. सेंट मॉरिट्झच्या स्वयंपाकघरांतून, भोजनगृहांतून काम करणारे पुष्कळ हात इटलीतून आणि पोर्तुगालमधून आलेले असतात. त्यांत सीमेपलीकडून रोज ये-जा करणारेही आहेत. ज्या खोऱ्यातील तरुण दुसऱ्यांच्या शहरात भट्टीपुढे उभे राहत, त्या खोऱ्यातील भट्टीपुढे आता दुसऱ्यांची मुले उभी असतात.

तरीही बाड्रुट यांचे ऋण एंगाडीन नाकारत नाही. ते जन्मले तेव्हा खाऊ घालण्याची कला येणाऱ्या माणसाला या खोऱ्यात भविष्य नव्हते. निसर्गाने दिलेला सर्वांत मोठा अडसर, म्हणजे सहा महिन्यांचे बर्फ, त्यांनी विकाऊ केला. त्यासाठी डोंगर हलवला नाही की झरा शोधला नाही. भोजनगृह उबदार ठेवले, त्यात उजेड केला आणि बर्फातून आलेल्या माणसासमोर वेळेवर गरम ताट ठेवले. त्यानंतर एंगाडीनच्या मुलाला आपली कला घेऊन खिंड ओलांडण्याची सक्ती उरली नाही. खाणारेच खिंड ओलांडून त्याच्या दारी येऊ लागले.